जिवलीचा आयतवार

शहापूर, ६ फेब्रुवारी १९६२

अक्का,

सलाम. जग बुडालं नाही, हे तुला मुरबाडला कळलंच असेल. आठ ग्रह एका राशीत आले, शहापुरात तीन दिवस तुपाचा धूर कोंडला होता. बाजारपेठेतल्या दुकानदारांनी दुकानं बंद करून होम घातले. काल जग शिल्लक आहेसं पाहून दुकानं उघडली आणि आधी तुपाचा भाव चढवला. आपल्या चर्चच्या मंडळीने या अंधश्रद्धेला मनसोक्त हसून घेतलं. मात्र रविवारच्या उपासनेला वर्षभर न दिसणारी अठरा माणसं हजर होती. मी मोजली.

जग बुडालं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. नऊ वर्षांत एक ओळ न लिहिणारा भाऊ पानभर लिहितो आहे म्हणजे काहीतरी मागतो आहे, हे तू ओळखलं असशील. मागतोच आहे, पण फार नाही.

आमचे पाळकसाहेब नवे आहेत. तरुण आहेत, चष्मा दिवसातून चारदा पुसतात. पुनरुत्थानाच्या सणाआधी त्यांना मंडळीची नोंदवही स्वच्छ करून हवी आहे. वही माझ्याकडे असते. तिच्यात तुझ्या अक्षरात एक नाव आहे: जिवली गोमा, उंबरमाळीच्या वरची वाडी. त्यापुढचे सगळे रकाने कोरे. साहेबांनी विचारलं, "मास्तर, ही बाई आहे की गेली?" मला सांगता आलं नाही. वाडीचं नावसुद्धा तू लिहिलेलं नाहीस. पाच वर्षं आठवड्याला एकदा तू ती चढण चढलीस, वाड्यापाड्यांत शास्त्र सांगणाऱ्या बायबलबाईचा पगार फाटक्या चपलांवर घालवलास. वाट तुझ्या पायांना पाठ होती, वहीत लिहायची गरज तुला कशाला वाटेल? तेवढं वाडीचं नाव आणि वाट कळव. नोंदवहीसाठी.

कापणीच्या सणाचं ते प्रकरण तुझ्या मनातून गेलं नसणार. जो तो आपल्या पिकातलं पहिलं आणून वेदीपुढे ठेवतो, उपासना आटोपली की आपणच ते लिलावात विकत घेतो आणि लिलाव मी पुकारतो, हे वडिलांच्या मागे माझ्याकडेच आलं. त्या वर्षी जिवली पहिल्यांदाच सणाला उतरली होती. तिने वाळलेल्या मोहाच्या फुलांची टोपली आणली. मी एक विनोद केला, लोक हसले, ती निघून गेली. दरवर्षी मी प्रत्येक वस्तूवर विनोद करत होतो, तसाच तो होता. तू तो फार मनाला लावून घेतलास, मंडळीच्या पंचांपुढे मला उभं केलंस, पंच माझ्या बाजूने बोलले, आणि तू पेटी उचलून मुरबाड गाठलंस. असो.

वत्सला बरी आहे. माझंही बरं आहे, अधूनमधून छातीत वायू धरतो. म्हशाच्या जत्रेत यंदाही तू पुस्तिका वाटल्यास असं ऐकलं. बैलाचे दात बघायला आलेल्या माणसाला आत्म्याचं विचारायची तुझी हिंमत अजून शाबूत आहे म्हणायची.

तुझा
शांतवन


शहापूर, २२ फेब्रुवारी १९६२

अक्का,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टकार्डावर एवढी मोकळी जागा मी कधी पाहिली नव्हती. "तू काय म्हणालास ते पूर्ण लिही. मग वाट सांगेन." ना सलाम, ना सही.

पोस्टमन अनंता कार्ड हातात देताना म्हणाला, "मास्तर, लिवून टाका काय ते. बाई थांबल्यात." पोस्टकार्ड म्हणजे दवंडीच. आता स्टँडवरच्या हॉटेलातही माझ्या वाक्याची वाट बघतात.

तर लिहितो. तू तेव्हा मागे आवारात होतीस, प्रीतिभोजनाच्या चुलीपाशी, त्यामुळे तुला फक्त हसण्याचा आवाज आला आणि नंतर ज्याने त्याने आपापल्या परीने सांगितलेलं. खरं ते असं. त्या दिवशी माझा गळा चांगला लागला होता. पंचांचा भोपळा मी पंचांच्या डोक्याशी तोलून विकला होता. वत्सलाच्या भावाच्या वांग्यांना मी त्याच्याच नाकाची उपमा दिली, ती त्याने हसत हसत स्वतःच घेतली. मग ती टोपली पुढे आली. मी म्हणालो, "मंडळी, ही टोपली जरा जपून उचला." एवढंच.

इथवर लिहिलं तेव्हा वत्सला मागे उभी होती. म्हणाली, "एवढंच?"

मी म्हटलं, "साधारण."

"मी तिसऱ्या बाकावर होते."

"मग तू लिही."

"मी कशाला लिहू? मी हसले होते. ज्याने हसवलं त्याने लिहावं." आणि ती तांदूळ निवडायला निघून गेली. आपल्या घरात माझ्याइतकी धारदार जीभ दुसऱ्या कुणाची नाही, या समजावर मी वीस वर्षं काढली.

अक्का, आज एवढ्यावरच थांबतो. उद्या वर्गात परीक्षेची उजळणी आहे. आणि खरं म्हणजे ते वाक्य लिहायला घेतलं की हात आपोआप दुसरं काहीतरी लिहितो. वाडीचं नाव आणि वाट तेवढी पाठवलीस तर बाकीचं समक्ष सांगेन.

शांतवन


शहापूर, ५ मार्च १९६२

अक्का,

तू काही पाठवलं नाहीस. बरोबर केलंस.

छातीत धरतो तो वायू नाही. कल्याणच्या डॉक्टरने नळी लावून दोनदा ऐकलं, मग विचारलं, "मास्तर, मुलंबाळं?" म्हटलं, नाहीत. त्याला हायसं वाटलेलं मला दिसलं. वर्ष म्हणाला, फार तर दोन, आणि जिने चढू नका. मंडळीत कुणाला पुरायचं असलं की ते दिवस मोजायला शिकवणारं स्तोत्र मीच वाचतो, तुला माहीत आहे. माझा आवाज त्यासाठी किन्हवलीपर्यंत प्रसिद्ध आहे. तीस वर्षं लोकांच्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून माणूस गवतासारखा आहे असं मी घोगऱ्या सुरात सांगत आलो आणि घरी येऊन पोटभर जेवलो. मला कुणी गवत म्हणेल असं वाटलं नव्हतं. सत्तेचाळीस हे काय वय आहे?

मग नोंदवहीचं निमित्त का, ते सांगतो. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी ज्याचं ज्याच्याशी बिनसलं असेल त्याने त्याच्या दारात जाऊन समेट करायचा, मगच रविवारी प्याल्याला ओठ लावायचा, हा वडिलांनी घालून दिलेला नियम अजून चालू आहे. नऊ वर्षं मी प्याल्याला ओठ लावलेला नाही. दर महिन्याच्या त्या रविवारी प्याला दुसऱ्या बाकापर्यंत आला की मला खोकल्याची उबळ येते आणि मी बाहेर जातो. मंडळीत कुणाला खोकल्याचा काढा हवा असला की लोक माझ्याकडे पाठवतात. हा काही पवित्रपणा नाही. पहिल्या वर्षी तुझ्यावरचा राग होता, दुसऱ्या वर्षी अभिमान, आणि नंतर सवय. आता मात्र भीती आहे. वर्षभरात त्याच्यापुढे उभं राहायचं आहे आणि त्याने "ये" म्हणावं असं माझ्याजवळ काही नाही. त्याची मर्जी लोकांना मिळवून देण्यात जन्म गेला, स्वतःसाठी कधी मागितली नाही. मागावी लागेल असं वाटलं नाही.

आता वाक्य घे.

"मंडळी, ही टोपली जरा जपून उचला. आज वेदीपुढे, उद्या भट्टीवर, परवा पश्चात्तापाच्या बाकावर. एकाच टोपलीत तीन दिवसांची सोय."

लोक बाकांवरून पडायचे राहिले होते. मी दोनदा म्हणालो. पहिल्यांदा मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून.

ते वाक्य ऐन वेळी सुचलेलं नव्हतं. उपासनेआधी ओळीत टोपल्या मांडताना मी ती पाहिली होती आणि पाळक प्रवचन करत असताना मी ते मनात घासत बसलो होतो. प्रवचन कशावर होतं, आठवत नाही.

वाक्यापेक्षा वाईट गोष्ट वाक्यात नाही. टोपली मी हात लांब करून धरली आणि दुसऱ्या हाताने नाक दाबलं. अक्का, आपले आजोबा यमाजी वेशीबाहेर राहिले. त्यांची सावली पडली तर लोक नाकाला पदर लावत, हे आजीने आपल्याला किती वेळा सांगितलं. म्हणून त्यांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणून आपल्याला बाक मिळाला. त्या बाकासमोर उभं राहून मी ते नाक दाबलं. ती कला मला कुणी शिकवली नव्हती, तरी अगदी बिनचूक जमली.

बोली लागली नाही. मी फुलं शाळेमागे ओतली, शेळ्यांनी खाल्ली. ते त्यांचं आषाढातलं जेवण असतं, भात संपल्यावर डोंगरातले आदिवासी पाडे मोह शिजवून दिवस काढतात, हे तू पंचांपुढे ओरडून सांगितलंस तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. त्यावरही मला काहीतरी सुचलं होतं. ते बोललो नाही, एवढं एक पुण्य माझ्या नावावर लिही.

आणि जे तुला कुणीच सांगितलं नाही ते. ती रिकामी टोपली घेऊन दारात थांबली होती. डोक्यावर पदर नाही, हातभर बांगड्या. मला म्हणाली, "मास्तर, देवानं नाय घेतलं काय?" आत चहा निवत होता. मी म्हणालो, "नाही बाई. हे देवाला चालत नाही." तिने मान हलवली. मास्तरने गणित चुकलं म्हणून सांगितलं की मुलं मान हलवतात, तशी.

आता वाट सांग किंवा सांगू नको.

शांतवन


शहापूर, २२ मार्च १९६२

अक्का,

तुझं पाकीट मिळालं. या वेळी कार्ड नाही, पाकीट, अनंता हिरमुसला. हेदपाडा. आग्रा रोडने उंबरमाळी, ओढ्याच्या डाव्या अंगाने वर, दोन चढणी. तू लिहिलंस, "दुसऱ्या चढणीवर बस, मी बसत असे." मी चार ठिकाणी बसलो. डॉक्टरने विश्रांतीसाठी जे सर्टिफिकेट दिलं त्यावर शाळेतून रजा घेतली आणि त्या रजेत डोंगर चढलो. वत्सला म्हणाली, "मरायचंच असलं तर खाली मरा, वरून आणायला माणसं मिळत नाहीत." आणि भाकरी बांधून दिली.

काल पोचलो तेव्हा पाड्यात माणूस नव्हतं. एक म्हातारा तेवढा शेळीला पाला टाकत होता. त्याचं नाव जैतू.

"सगली रानात," तो म्हणाला. "मोह पडतोय. ह्याच टायमाला माणूस घरात ऱ्हात नाय."

"आणि जिवली?"

"ती हाये घरात. तिचा आयतवार हाये."

मी म्हटलं, "आज बुधवार आहे."

"तुमचा असंल. आमी बी सांगितलं तिला. ती म्हनते, मी मोजलेत." आणि तो पुन्हा शेळीकडे वळला.

ती उंबऱ्यावर बसली होती. धुतलेलं लुगडं, ओले केस, पांढरे झालेले. दोन्ही हात मांडीवर, रिकामे. हात रिकामे ठेवून बसलेली बाई त्या डोंगरात मी दुसरी पाहिली नाही. मी काही बोलायच्या आधी तिने विचारलं, "कोन?"

"मी शांतवन. शहापूरचा."

"मास्तर? आवाज तोच हाये. तोंड सुकलंय तुमचं. बसा. चूल नाय पेटवली, आज आयतवार. कालचं हाये, ते खावा." मग माझ्या मागे वाटेकडे पाहिलं. "सकुबाय मेली काय?"

"नाही. मुरबाडला आहे."

"जित्ती हाये नि आली नाय?" तिने बराच विचार केला. "मंग पाय मोडला असंल."

अक्का, हे लिहितो कारण तुला पूर्ण वाक्यं आवडतात. मी तिला हसलो आणि नऊ वर्षं गेलो नाही. तू तिच्यासाठी भांडलीस आणि नऊ वर्षं गेली नाहीस. हे लिहिताना मला किंचित बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं या पत्रातली सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट आहे.

मी माफीचं बोललो. इतक्या वर्षांत ते भाषण घासून गुळगुळीत झालं होतं. शेवटी माझा आवाजही भरून आला, जिथे भरून यायला हवा तिथेच. ती म्हणाली, "तवा तुमी काय बोल्लात ते मला समजलंच नाय. तुमची भाषा पुस्तकाची. समदी हसली, मंग मी बी हसली."

मी म्हटलं, "मी नाक दाबलं होतं."

"ते पाह्यलं की. ते तं समदेच दाबतात."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. रानात काटे असतात असं सांगावं, तशी बोलली. नऊ वर्षं माझ्या छातीवर जे वाक्य धोंड्यासारखं होतं ते तिच्याकडे कधी पोचलंच नव्हतं. मला वाटत होतं की एका बाईचा विश्वास मी एका वाक्यात मोडला. अपराधातसुद्धा मी स्वतःला केवढा वक्ता समजत होतो.

"पन दारात बोल्लात ते समजलं," ती म्हणाली. "देवाला चालत नाय म्हनलात. मी घरी येऊन इचार केला. चिमी तापातून वाचली व्हती, त्याला काय तरी देयाचं तं व्हतंच. मोह चालत नाय. भात आपला नाय, मालकाचा. मंग आपल्या हातात काय हाये? एक दिस हाये. दिसाला काय वास येत नाय. म्हनलं आयतवार देऊ, पुरा. रानात नाय जायाचं, मजुरीला नाय जायाचं. न्हाऊन बसायचं. घेईल तं घेईल."

मोहाच्या भरातला एक दिवस म्हणजे पावसाळ्यातलं किती जेवण, ते मला विचारायची गरज नव्हती. समोरच्या अंगणात इतरांची फुलं वाळत होती, तिच्या अंगणात थोडीशीच.

मी विचारलं, "मग घेतो का तो?"

"नाय बोलला नाय अजून."

त्या सणानंतरच्याच पावसाळ्यात तिचा नवरा गोमा गेला, तेव्हा ती स्वतः तापाने पडली होती. किती दिवस, तिला कळलं नाही. उठल्यावर चिमीला विचारलं. चिमी तेव्हा आठ वर्षांची. ती म्हणाली, सहा दिवस. आई तिथून पुढे सातसात मोजत आली. बापाच्या मयतात आणि आईच्या तापात एकट्या पोरीने मोजलेले ते दिवस. चिमी आता लग्न होऊन किन्हवलीकडे नांदते. तिला यातलं काही माहीत नाही.

मी आज बुधवार आहे हे सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, "मास्तर, प्रार्थना करा. लय दिसांत कुनी शिकलेल्यानं केली नाय इतं." मी डोळे मिटले. मंडळीत पाऊण तास प्रार्थना करणारा मी, मला "हे प्रभू" च्या पुढे काही येईना. मग तिनेच केली. शेळी, चिमी, चिमीच्या पोटातलं पोर, छप्पर, जैतूचे डोळे. "सकुबायचा पाय बरा कर." मग म्हणाली, "नि ह्या मास्तरला दम लागतो, तो बघ."

मी उतरलो. बुधवारी पुन्हा जाणार आहे.

शांतवन


शहापूर, १९ एप्रिल १९६२

अक्का,

चार आठवडे तुझं पत्र नाही. मी लिहिलं ते तुला लागलं असेल. लागावं म्हणूनच लिहिलं होतं, खोटं कशाला बोलू. आता ते मागे घेता येत नाही, आणि घेतलं तरी तू गेली नाहीस हे राहतंच, जसं मी गेलो नाही हे राहतं.

काल पाचवा बुधवार. चढण तीच आहे, मी आता सहा ठिकाणी बसतो. पाळकसाहेबांना मी सगळं सांगितलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मास्तर, चूक तर दुरुस्त व्हायला हवी. पण प्रेमाने." प्रेमाने म्हणजे मी, हे त्यांनी गृहीत धरलं. मी चार बुधवार तिच्यासोबत रविवार पाळला आणि सांगितलं नाही. दया म्हणून नाही. पुन्हा एकदा त्या बाईला, तू देवाला दिलंस ते चुकलं, असं सांगणारा मीच, याची लाज वाटत होती.

काल तिनेच विचारलं. "तो उठला तो आयतवार कवा, मास्तर? सकुबाय दरसाल सांगायची. मंग मी अंदाजानं धरते, करवंदं पिकायच्या आधी."

मी म्हटलं, "येत्या रविवारी."

तिने बोटं मोजली. "म्हंजे सात दिसांनी."

"नाही. चार दिवसांनी." आणि मग सांगितलं. चिमीने दिवस चुकवले असतील, आज बुधवार आहे, सगळे बुधवारच होते. जैतू बाजूलाच बसला होता, त्याने "मी काय बोल्लो व्हतो" असा चेहरा केला.

तिने विचारलं, "पक्कं? तुमचा कागदावर लिवलेला असतो?"

"हो. छापलेला."

तिने पुन्हा बोटं मोजली. मग म्हणाली, "म्हंजे आयतवारी मी मोह वेचत व्हती."

"हो."

"नि तुमी समदी तितं गात व्हता."

"हो."

"मंग तो आयतवारी इतं येऊन बघत असंल, जिवली कुटं गेली. नि बुधवारी मी न्हाऊन बसलेली, तवा तो आलेला नाय." तिने कपाळाला हात लावला आणि हसायला लागली, अक्का. मोकळी, खांदे हलवून. "नऊ वर्स. दोगं बी एकमेकाची वाट बघत बसलो नि गाठच नाय."

मला शास्त्र येतं. तो सगळ्या दिवशी सगळीकडे असतो, त्याला वार नसतात, हे मी सांगू शकलो असतो. ते खरं आहे. पण ती ज्याच्याबद्दल बोलत होती तो तिच्या उंबऱ्याशी येऊन परत गेलेला होता, आणि तिला त्याची दया येत होती. माझ्या जन्मात देवाला कुणाची वाट बघावी लागली असेल असं मला कधी सुचलं नाही. मी जिभेवर आलेलं गिळलं. गिळायला जड गेलं.

मग ती म्हणाली, "आता वाट नको बघायला लावायला. मीच उतरते."

तर ती येते आहे. शनिवारी दुपारी निघेल, जैतूचा मुलगा उंबरमाळीपर्यंत सोडेल, पुढे मी घ्यायला जाईन. आपल्या घरी राहील. वत्सलाने गोधडी उन्हात टाकली आहे आणि मला बजावलं आहे की स्टँडवर कुणाला काही सांगत सुटू नका, "तुम्ही सांगितलं की त्याची गोष्ट होते."

शनिवारी समेटाचा दिवस. जिवलीशी माझा समेट झाला का, हे मला कळत नाही. मी काल विचारलं, "रविवारी प्याला माझ्यापुढे आला तर घेऊ का?" ती म्हणाली, "मला काय इचारता? मी काय देव हाय?" नंतर थोड्या वेळाने म्हणाली, "भूक असंल तर घेवा." आणि तुझं माझं तर दाराशी जाऊन सुद्धा होणार नाही, कारण तुझं दार मुरबाडला आहे आणि शनिवारी मी उंबरमाळीच्या वाटेवर असणार. म्हणून पत्राने येतो. मी चुकलो. तुझं पाच वर्षांचं चालणं मी दोन वाक्यांत वाया घालवलं, आणि नंतर नऊ वर्षं, ते तू फार मनाला लावून घेतलंस, असं लोकांना सांगत राहिलो. याच्यापुढे विनोद नाही. शोधला, सापडला नाही.

पाकीट आज सकाळच्या मुरबाडच्या एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हातात देतो आहे, पोस्टाने वेळेत पोचणार नाही. शनिवारी दुपारी दोनला तुझ्याकडून शहापूरला गाडी सुटते, मी चौकशी केली.

निघताना जिवलीने विचारलं, "तितं मी कुनाच्या बाजूला बसू? माझ्या वळकीचं कोन नाय."

मी म्हटलं, "सकुबाय आली तर तिच्या."

"नाय आली तं?"

"तर माझ्या."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग शेळी सोडायला उठली.

अक्का, माझ्यासाठी येऊ नकोस, तेवढा मी कमावलेला नाही. तिला माझ्या बाजूला बसावं लागू नये, एवढ्यासाठी ये.

शांतवन